न जन्मलेले लेकरू, त्याची माता आणि मंडळी

शास्त्रपाठ : निर्गम १:१५-२१, निर्गम २१:२२-२५, स्तोत्र १३९:१३-१६, लूक १:३९-४५, योहान ८:१-११, गलती ६:१-५

गर्भपात हा विषय आपल्या व्यासपीठावरून क्वचितच निघतो. निघालाच तर "ते पाप आहे" एवढे एक वाक्य बोलून आपण पुढे जातो. पण प्रश्न एका वाक्यात संपत नाही. तो आपल्या घरांत येतो, दवाखान्यात काम करणाऱ्या आपल्या नर्सभगिनींपुढे रोज उभा राहतो, आणि शब्बाथ शाळेतील मोठ्या वर्गातील मुलेमुली तो शिक्षकांना विचारतात. म्हणून या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : शास्त्र काय सांगते, मंडळीने पूर्वी काय शिकवले, आणि आज आपल्यावर कोणती जबाबदारी आहे.

आरंभी शब्दाविषयी एक सूचना. आपल्या मराठीत 'गर्भपात' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. आपोआप झाला तोही गर्भपात, आणि करविला तोही गर्भपात. घरातल्या बायका मात्र नेमके बोलतात : पोट पडले आणि पोट पाडले. जिचे पोट पडले अशी भगिनी उपासनेत बसलेली असते. 'गर्भपात हे पाप' असे आपण सरसकट म्हटले की तो घाव तिच्यावर बसतो. इ. स. १५४२ मध्ये मार्टिन ल्यूथरने अशाच मातांसाठी एक सांत्वनपर लेख लिहिला. ज्यांचे मूल पोटातच गेले त्यांनी देव आपल्यावर कोपला असे समजू नये, त्यांचे उसासे देवाने प्रार्थना म्हणून ऐकले आहेत, असा त्याचा आशय आहे. शिक्षकांनी हा भेद वर्गात पहिल्यानेच स्पष्ट करावा.

शास्त्राची साक्ष

'गर्भपात करू नको' अशी शब्दशः आज्ञा पवित्र शास्त्रात नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण शास्त्र याविषयी मुके आहे असेही नाही. स्तोत्र १३९ चा कर्ता म्हणतो की, मातेच्या उदरात देवानेच त्याला घडविले आणि त्याला आकारही आला नव्हता तेव्हा देवाची दृष्टी त्याच्यावर होती. यिर्मयाला उदरात घडविण्यापूर्वीच देव ओळखत होता (यिर्मया १:५). अलीशिबेच्या उदरातील बालकाने मरीयेचा आवाज येताच उडी मारली. तेथे लूक जो ग्रीक शब्द वापरतो, तोच शब्द तो पुढच्या अध्यायात गव्हाणीत निजलेल्या बाळ येशूसाठी वापरतो. ही वचने वैद्यकशास्त्र शिकविण्यासाठी लिहिलेली नाहीत. तरी एक गोष्ट त्यांतून उघड होते : उदरातले जीवन आपल्या मालकीचे नाही, ते देवाच्या हातात आहे.

निर्गम २१:२२-२५ हा उतारा कठीण आहे. दोन पुरुष भांडतात, गर्भवती स्त्रीला धक्का लागतो आणि तिचे मूल बाहेर पडते. पुढे काही इजा झाली नाही तर दंड. झाली तर जिवाबद्दल जीव. ही 'इजा' कोणाची? काही अभ्यासक म्हणतात की मातेची. म्हणजे गर्भ गेला तर दंड, माता गेली तर जिवाबद्दल जीव. इतर म्हणतात की मूल अपुऱ्या दिवसांचे पण जिवंत जन्मले तर दंड, आणि दोघांपैकी कोणालाही इजा झाली तर जिवाबद्दल जीव. हिब्रू शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने येथे तिसराच अर्थ लावला : गर्भाला आकार आला होता की नाही, यावर शिक्षा ठरविली. शिवाय हा उतारा अपघाताविषयी आहे, हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याविषयी नाही. म्हणून या एका वचनाची काठी करून कोणीही दुसऱ्याला मारू नये. सर्व अर्थांत मिळून एवढे निश्चित आहे की, गर्भ गेला म्हणजे काहीच गेले नाही असे नियमशास्त्र मानत नाही, आणि मातेचा जीव दुय्यम आहे असेही मानत नाही.

मंडळीची शिकवण

पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या काळी रोमी समाजात नको असलेले तान्हे मूल उघड्यावर टाकून देण्याची मुभा बापाला होती. 'बारा प्रेषितांची शिकवण' या अतिप्राचीन ग्रंथात गर्भपात आणि तान्ह्या बाळाची हत्या या दोहोंना एकत्रच मनाई केलेली आढळते. यामुळे ख्रिस्ती लोक शेजाऱ्यांहून वेगळे दिसत.

पुढे शिस्त कडक झाली, पण ती तेथेच थांबली नाही. पूर्वी अशा स्त्रीला मरेपर्यंत प्रभुभोजनापासून दूर ठेवत, इ. स. ३१४ च्या अंकुरा येथील परिषदेने ती मुदत दहा वर्षांवर आणली. चौथ्या शतकातील कैसरियाचा बासिल याने आकार आलेला गर्भ आणि न आलेला गर्भ हा भेद नाकारला. पण त्याच ठिकाणी त्याने सांगितले की, उपचाराची मुदत वर्षांवर नव्हे, तर पश्चात्तापावर ठरवावी. ऑगस्टीनने मात्र तो भेद मानला. रोमन कॅथॉलिक मंडळीच्या शिक्षेच्या नियमांत तो इ. स. १८६९ पर्यंत दीर्घकाळ टिकून होता. धर्मसुधारक कॅल्विन याने निर्गम २१ वर लिहिताना उदरातील बालकाला मनुष्यच मानले आहे.

विसाव्या शतकातही प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे एकमत नाही. कार्ल बार्थने १९५१ मध्ये गर्भपाताला ठाम नकार देऊन, जिवाविरुद्ध जीव अशा प्रसंगी अपवादाला जागा ठेवली. नाझी राजवटीत फाशी गेलेला डीट्रिख बॉनहोफर याने गर्भ नष्ट करण्याला हत्याच म्हटले. पण त्याने पुढे असेही लिहिले की, जेथे हे कृत्य निराशेतून घडते तेथे दोष त्या एकटीपेक्षा समाजाचाच अधिक असू शकतो. त्याचे हे म्हणणे आपण जपून ठेवू, कारण या पाठाचा कणा तेच आहे.

आपल्या शेजाऱ्यांच्या धर्मांतही हा प्रश्न हलका मानलेला नाही. हिंदू धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला महापातकांत गणले. यहुदी मिश्ना मातेचा जीव धोक्यात असेल तर प्रसूती पूर्ण होण्यापूर्वी तिचाच जीव आधी वाचवावा असे सांगते. इस्लामी शास्त्रज्ञांपैकी पुष्कळ जण १२० दिवसांनंतर गर्भात आत्मा येतो असे मानतात आणि त्यापुढे केवळ मातेच्या प्राणासाठी मुभा देतात. गोव्यातील आपले कॅथॉलिक बांधव प्रत्यक्ष गर्भपाताला कोणत्याही कारणासाठी मान्यता देत नाहीत. मातेचा प्राण वाचविताना उपचारामुळे गर्भ गेला, तर ते तो प्रसंग वेगळा समजतात.

दोन घटना, दोन धडे

पहिली घटना पुण्याची. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात वरच्या जातींतील विधवेला पुनर्विवाह नव्हता. घरातल्याच किंवा नात्यातल्या पुरुषाने तिला फसविले तरी लोकलज्जेचे ओझे तिच्या एकटीच्या माथी. मग पोट पाडणे, जन्मलेले मूल मारणे किंवा विहीर जवळ करणे, एवढेच मार्ग उरत. इ. स. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल नेणे किंवा ठेवणे तिच्या इच्छेवर. तेथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, या दांपत्याने दत्तक घेऊन आपले नाव दिले. पंढरपुरात १८७५ मध्ये बालकाश्रम निघाला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात अशा स्त्रियांसाठी कृपासदन उभारले. या सर्वांनी मूल मारू नका असे नुसते सांगितले नाही, त्याला जगविण्यासाठी खोली, दाई आणि नाव दिले.

दुसरी घटना बेळगावच्या कन्येची. डॉ. सविता हलप्पनवार या ३१ वर्षांच्या दंतवैद्य आपल्या पतीबरोबर आयर्लंडमध्ये राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, त्यांचे पोट पडू लागले. मूल वाचणार नाही हे डॉक्टरांना कळले होते. त्यांनी गर्भ काढण्याची विनंती केली. पण गर्भाचे ठोके चालू असल्यामुळे ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्या वारल्या. चौकशीत देखरेखीतील चुकाही निघाल्या आणि कायद्यातील अस्पष्टताही. मातेचा प्राण धोक्यात असेल तर तेथे मुभा होती, पण धोका किती वाढेपर्यंत थांबायचे हे स्पष्ट नव्हते. १९८३ मध्ये धार्मिक श्रद्धेच्या जोरावर घटनेत घातलेले ते कलम मे २०१८ च्या सार्वमताने काढून टाकण्यात आले. सुमारे ६६ टक्के मते त्या बाजूने पडली. जीव राखण्यासाठी केलेल्या नियमापायी येथे बाळही गेले आणि आईही गेली. शब्बाथ मनुष्यासाठी आहे, असे प्रभूने कोणत्या प्रकारच्या धार्मिक लोकांना सांगितले, ते येथे आठवावे.

पहिली घटना सांगते की लोकलज्जा मारते. दुसरी सांगते की दयेवाचून नियमही मारतो.

आपल्या देशाचा कायदा

१८६० च्या दंडसंहितेप्रमाणे मातेचा जीव वाचविण्याखेरीज गर्भपात करणे गुन्हा होता. चोरून पोट पाडताना पुष्कळ स्त्रिया दगावत. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, आणि १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते. २० ते २४ आठवड्यांपर्यंत बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेली अशा ठरावीक स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाची परवानगी घ्यावी लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

गर्भलिंग सांगणे मात्र गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला आणि देशाने १९९४ मध्ये. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ वर आल्या. फारोने मुलगे मारण्याची आज्ञा केली होती. आपल्या समाजाने ती मुलींवर फिरविली. शिप्रा व पुवा या सुइणींनी देवाचे भय धरून राजाची आज्ञा मोडली. आपल्या नर्सभगिनींसाठी त्यांचे उदाहरण मोलाचे आहे. या कायद्यातील एक कलम ध्यानात घ्यावे : स्त्रीने अशी तपासणी केली तर पतीने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडले असे न्यायालय गृहीत धरते, मग तसे नव्हते हे सिद्ध करावे लागते. दोष कोठे शोधावा हे कायद्याला कळले. मंडळीला कळले काय?

मंडळीचे काम

आमचे मत असे की, उदरातील जीव संपविणे ही गोष्ट ख्रिस्ती मनुष्याने सोय म्हणून कधीच करू नये, आणि मुलगी आहे म्हणून तर मुळीच नाही. मातेचा प्राण धोक्यात असेल, उदाहरणार्थ गर्भ नळीत राहिला असेल, तर उपचाराला विलंब करणे हे भक्तीचे लक्षण नव्हे; नळीतला गर्भ वाढून जन्मू शकत नाही आणि नळी फुटून आई जाते. बलात्कार आणि गंभीर व्यंग अशा प्रसंगी विश्वासू ख्रिस्ती लोकांतही मतभेद आहेत. तेथे दुरून निकाल देण्यापेक्षा त्या कुटुंबाबरोबर बसून प्रार्थना करणे हे पाळकांचे व वडिलांचे काम आहे.

पण 'नको' म्हणणाऱ्या मंडळीने पुढचे पाऊल टाकले पाहिजे. अविवाहित मुलीला दिवस गेले तर आपण तिचे नाव यादीतून काढणार, की महिला मंडळातील एखादी मावशी तिला आपल्या घरी नेणार? तिसरी मुलगी झाली म्हणून सासूने तोंड फिरविले, तर बाप्तिस्म्याच्या दिवशी आपण पेढे वाटणार की सांत्वन करणार? मतिमंद मूल असलेल्या घरी आपल्यापैकी किती जण महिन्यातून एकदा तरी जाऊन आईला दोन तासांची उसंत देतात? ज्या पुरुषामुळे हे घडले त्याला आपण कधी विचारले आहे काय? व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला आणले तेव्हा पुरुषाला कोणी आणले नव्हते. प्रभूने धोंडे खाली ठेवायला लावले, मगच तिच्याशी पापाविषयी बोलला. तो क्रम आपण उलटा करू नये.

आणि जिने हे पूर्वी केले आहे, एकटीने ते ओझे वाहिले आहे, तिच्यासाठीही सुवार्ता तीच आहे. बासिलाने म्हटल्याप्रमाणे पश्चात्तापाला वर्षे मोजावी लागत नाहीत. एकमेकांची ओझी वाहा, असे पौल गलतीकरांस सांगतो. त्यांत हेही एक ओझे आहे.

वर्गातील चर्चेसाठी

१. निर्गम १ मधील सुइणींनी कोणाचे भय धरले? आज दवाखान्यात आणि घरात असा प्रसंग कोणावर येऊ शकतो?

२. 'लोक काय म्हणतील' या भीतीने आपल्या मंडळीत कोणकोणती पापे लपविली जातात, आणि कोणती नवी पापे घडतात?

३. फुले दांपत्याने खोली, दाई आणि नाव दिले. आपली मंडळी यांपैकी काय देऊ शकेल? या महिन्याच्या महिला मंडळाच्या सभेत एक गोष्ट ठरवून ती लिहून ठेवा.