मोठे अक्षर आणि लहान अक्षर

सियालदह स्थानकातील फलकांवर गावाचे नाव बंगाली, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत असते. इंग्रजी नाव सबंध मोठ्या अक्षरांत लिहिले काय किंवा पहिलेच अक्षर मोठे ठेवले काय, त्यामुळे कोणी उतारू भलत्याच स्थानकात उतरत नाही. बंगाली व देवनागरी लिप्यांत तर हा भेदच नाही. परंतु तेथून उत्तरेस थोड्याच अंतरावर, राजाबाजार विज्ञान महाविद्यालयाच्या फळ्यावर, तोच भेद निर्णायक ठरतो. मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडलेले आयनीभवनाचे समीकरण आज लिहिताना बोल्टझमानचा स्थिरांक लहान 'के'ने आणि तापमान मोठ्या 'टी'ने दर्शवितात. शेजारीच मोठा 'के' केल्व्हिनचा आणि लहान 'टी' काळाचा असतो. अक्षरे अपुरी पडल्यामुळे केलेली ही काटकसर होय. अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देऊन त्यांची आद्याक्षरे वापरणाऱ्या भास्कराचार्यांना तिची गरज पडली नव्हती.

१९५७ साली फोर्ट्रान ही भाषा प्रचारात आली, तेव्हा छिद्रपत्रांवर लहान अक्षरेच नव्हती. पुढे ती आली. पण जुन्या आज्ञावली चालू राहाव्यात म्हणून दोन्ही अक्षरे एकच मानली गेली. याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गुरुत्वाकर्षणाचा वैश्विक स्थिरांक मोठा 'जी' आणि पृथ्वीवरील गुरुत्वत्वरण लहान 'जी', ही पाठ्यपुस्तकातील नावे विद्यार्थ्याने तशीच ठेवली आणि पहिल्यावरून दुसरे काढले, तर ते उत्तर पहिल्याच्याच जागी जाऊन बसते. पहिला 'जी' अचल म्हणून घोषित केला असेल किंवा दोन्ही नावे वेगवेगळी घोषित केली असतील तरच संगणक हरकत घेतो. एरवी स्थिरांक मुकाट्याने सुमारे १४,७०० कोटी पटींनी वाढतो आणि पुढील ओळीत चंद्र साधारण सहा सेकंदांत पृथ्वीभोवती फेरी पूर्ण करतो! अशी चूक निदान हास्यास्पद असल्याने सापडते. पृथ्वीची त्रिज्या मोठा 'आर' आणि उपग्रहाचे केंद्रापासून अंतर लहान 'आर' यांची गल्लत झाली, तर ४०० किलोमीटर उंचीवर ८.७ ऐवजी ९.८ हे उत्तर मिळते. ते पटण्याजोगे दिसते, आणि म्हणूनच अधिक घातक असते.

१९७० नंतरच्या दशकात घडलेल्या 'सी' भाषेने भेद पाळला. १९८८ साली आलेल्या 'मॅथेमॅटिका'ने त्याचाच नियम केला: तिची स्वतःची नावे मोठ्या अक्षराने सुरू होतात, लहान अक्षरे वापरणाऱ्यासाठी मोकळी राहतात. गणिताच्या लेखनपद्धतीशी हेच सुसंगत आहे. मात्र येथे उलट दिशेची फसगत संभवते. 'मेपल'मध्ये 'पाय' या शब्दाचे आद्याक्षर मोठे असेल तर ती वर्तुळाच्या परिघाची व्यासाशी असलेली संख्या होते. लहान असेल तर नुसते एक नाव. पडद्यावर मात्र दोन्ही वेळा तेच ग्रीक अक्षर उमटते! किंमत मागितल्यावर एक ३.१४१५९ देते, दुसरे जसेच्या तसे परत येते, आणि दोन्ही एकाच पदावलीत असली तर ती परस्परांना छेदून जात नाहीत.

तेव्हा भेद पाळावा, हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही. घोषित न केलेले नाव संगणकाने स्वीकारू नये, आणि केवळ अक्षराच्या आकाराने वेगळी असलेली दोन नावे एकाच आज्ञावलीत आढळली, तर ती चालविण्यापूर्वी दोन्ही ओळींचे क्रमांक समोर ठेवावेत.