शौचकूपाच्या टाकीचा गाळ

कपिलधारच्या आसपास बालाघाटच्या माथ्यावर ज्यांची वस्ती आहे, त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां पक्का शौचकूप आहे. टाकीस सिमेंट किती लागलें तें धन्यास आठवतें. तींतील गाळ शेवटचा केव्हां काढला, हें मात्र सहसा आठवत नाहीं. टाकी तुंबून मैला उलटा येईपर्यंत थांबावयाचें आणि मग मिळेल त्या मजुरास आंत उतरवावयाचें, ही रीत घातक होय. तिचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

टाकींत जड मैला तळाशीं बसतो, हलका भाग वर सायीसारखा धरतो व मधलें पाणी शोषखड्ड्याकडे जातें. तळचा मैला कुजून बराच कमी होतो, पण सर्वस्वी नाहींसा होत नाहीं. माणशीं वर्षास सुमारें 40 लिटर गाळ सांचतो असा हिशेब धरतात. सहा माणसांच्या घरीं 2,000 लिटरची टाकी असेल, तर वर्षास 240 लिटर, म्हणजे तीन वर्षांच्या आंतच तिचा तिसरा हिस्सा भरतो. येथवर आलें कीं उपसा करावा. नाहीं तर गाळ शोषखड्ड्यांत उतरून त्याचीं छिद्रें बुजतात. कार्तिकी पौर्णिमेस मन्मथस्वामींच्या यात्रेचे पाहुणे ज्यांच्या घरीं उतरतात, त्यांनीं मुदत कमी धरावी. खात्रीसाठीं लांब कळकास पांढरें फडकें गुंडाळून तो तळापर्यंत सोडावा व थोड्या वेळानें काढावा. काळ्या डागाची उंची ती गाळाची उंची. हें माप तारखेसह वहींत लिहावें. साऱ्याची पावती जपणाऱ्या गृहस्थास एवढें जड जाऊं नये.

जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडील रीत येथें कामाची नाहीं. उलट प्राणघातक आहे. टाकींतील मिथेन वायु पेट घेतो. दुसरा वायु, हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्यासारखा घाणतो. पण तो फार झाला कीं नाकाची जाणीवच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असें नव्हे. गाळ ढवळतांच दबलेला वायु एकदम सुटतो. आंतला माणूस कोसळतो, त्यास काढावयास दुसरा उतरतो, आणि तोहि परत येत नाहीं. अशीं वृत्तें आपण वारंवार वाचतों. संरक्षक साधनांवांचून माणसाकडून हें काम करविणें 2013 च्या कायद्यानें गुन्हा ठरलें असून पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. मजूर राजीखुशीनें उतरला असें म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेंच विचारूं कीं, आपला मुलगा उतरविला असता काय? पिढ्यान्पिढ्या हें काम ज्यांच्या माथीं मारलें गेलें, त्यांची गरज म्हणजे संमति नव्हे.

तेव्हां नळीनें मैला ओढणारा टँकर आणावा. झांकण उघडून कांहीं वेळ जाऊं द्यावा, तोंडाशीं वांकूं नये, जवळ विडी पेटवूं नये. तळाशीं थोडा जुना गाळ राखावा. तो विरजणासारखा उपयोगी पडतो. वाई व सिन्नर येथें 2018 सालीं नगरपालिकांनीं पाळीपाळीनें दर तीन वर्षांनीं घरोघरच्या टाक्या उपसण्याचा क्रम सुरू केला. ग्रामपंचायतीस तसें करतां येईल. चार घरांनीं मिळून एकदाच टँकर आणल्यास खर्चहि वांटला जाईल.

पैसे देण्यापूर्वीं टँकरवाला गाळ कोठें ओतणार हें विचारून घ्यावें. माथ्यावरील ओढ्यांत ओतलेली घाण पावसाळ्यांत खालच्या गांवांच्या पाण्यांत उतरते. जवळ शुद्धीकरणाचें केंद्र असल्यास तेथेंच न्यावा. नसल्यास फाल्गुन-चैत्रांत, विहीर व ओढा यांपासून दूर, आपल्याच रानांत सुमारें अडीच फूट खोल चर काढून त्यांत गाळ सोडावा, आणि त्याच दिवशीं वर एक फूट माती ओढावी. त्या कडेला सीताफळ, चिंच लावावी. मेथी, कोथिंबीर, कांदा तेथें दोन वर्षें मुळींच नको. जंतांचीं अंडीं मातींत वर्षाहून अधिक काळ जगतात. सोनखताचें महत्त्व आम्हांस मान्य आहे, पण तें मुरल्यावरच.

नव्यानें बांधणाऱ्यांनीं टाकीऐवजीं आलटूनपालटून वापरावयाचे दोन शोषखड्डे घ्यावे. भरलेला खड्डा बंद करून दोन वर्षें ठेविला असतां भुसभुशीत, बिनवासाचें खत मिळतें व टँकर लागत नाहीं. मात्र आपल्या खडकास भेगा आहेत. विहिरीपासून 10 मीटर अंतर पुरेसें धरूं नये, जागा असेल तितकें दूर जावें.