चाल जपून ठेवू या : संगणकावर घरगुती ध्वनिमुद्रणाचा पहिला पाठ



स्तोत्रसंहितेतील काही स्तोत्रांच्या शिरोभागी एक लहानशी सूचना असते. वाचताना आपण बहुधा ती ओलांडून पुढे जातो. बाविसाव्या स्तोत्रावर ‘पहाटेची हरिणी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ते त्या काळच्या एखाद्या परिचित चालीचे नाव असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्तोत्राचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले, चालीचे नावही पोहोचले. चाल मात्र हरपली. ज्यांना ती येत होती त्यांच्याबरोबर ती गेली.

आपल्या मराठी मंडळ्यांपुढेही आज हाच प्रश्न आहे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्यासारख्या भक्तकवींची पदे व अभंग गीतपुस्तकांत सुरक्षित आहेत. परंतु आपल्या गावी ते पद कोणत्या वळणाने गातात, ध्रुवपदाकडे परतताना कोठे क्षणभर थांबतात, हे छापील पानावर उतरत नाही. ते वडीलधाऱ्यांच्या कंठात असते. तो कंठ ऐकू येतो आहे तोवर ध्वनिमुद्रण करून ठेवणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी मोठा स्टुडिओ लागत नाही. घरातील एक खोली, एक संगणक व थोडी शिस्त एवढ्यावर प्रारंभ होतो. तो कसा करावा हे प्रस्तुत पाठात पाहू.

उदाहरणादाखल एक बिऱ्हाड

समजा, नोकरीनिमित्त आपले बिऱ्हाड श्रीपेरुंबुदूरला आहे. चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरवर असलेले हे गाव रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. अलीकडच्या काळात मोटारींच्या कारखान्यांमुळे त्याची ओळख पालटली. आपली आई चार महिने राहावयास आली आहे. तिला पन्नासेक जुनी भजने मुखोद्गत आहेत. घराजवळून ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. हाच रस्ता पुढे बंगळूर, कोल्हापूर, सातारा, पुणे असा जातो. त्यावर रात्रंदिवस मालमोटारींची वर्दळ असते. अशा घरात ध्वनिमुद्रण शक्य आहे काय? आहे.

घरीच मुद्रण करण्याचे एक थोर उदाहरण चेन्नईतच आहे. संगीतकार ए. आर. रहमान यांनी कोडंबाक्कम येथील आपल्या घराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९९२ सालच्या ‘रोजा’ चित्रपटाचे संगीत त्यांनी तेथे सिद्ध केले आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्या काळी अशी साधने अतिशय महाग होती. आज त्याच तत्त्वावर चालणारी साधने सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली आहेत.

१. प्रथम खोली, मग यंत्रे

नवशिका बहुधा यंत्रांपासून सुरुवात करतो. खरे तर खोलीपासून करावी. रिकाम्या भिंती व फरशी यांवरून आवाज परतून येतो आणि गाणे विहिरीतून आल्यासारखे वाटते. हा दोष मुद्रणानंतर सहसा निघत नाही. म्हणून लहान, सामानाने भरलेली खोली निवडावी. कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे, खाली सतरंजी अंथरावी, गाणाऱ्याच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंस जाड गोधड्या टांगाव्यात.

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. गोधडी खोलीतला प्रतिध्वनी शोषते. मालमोटारीची बाहेरची घरघर ती अडवू शकत नाही. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवल्यानेही ती थांबत नाही. त्यावर उपाय असा की रस्त्यापासून सर्वांत दूरची खोली घ्यावी, वर्दळ कमी असेल ती वेळ हेरावी आणि खिडक्या बंद ठेवाव्यात. पंखा व वातानुकूलन यंत्रही तेवढ्या वेळापुरते बंद करावे. चेन्नईकडच्या उकाड्यात हे कठीण जाते, म्हणून एका वेळी एकच गीत घ्यावे आणि मध्ये विश्रांती द्यावी.

२. पाच साधने

संगणक, मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि मुद्रणाची संगणक-प्रणाली ही पाच साधने पुरेशी आहेत. इंटरफेस ही लहानशी पेटी मायक्रोफोनकडून आलेल्या विद्युत्-लहरींचे आकड्यांत रूपांतर करून ते संगणकास पुरवते.

मायक्रोफोन मुख्यतः दोन जातींचे असतात. कंडेन्सर मायक्रोफोन सूक्ष्म आवाजही टिपतो. तो चालण्यास सहसा इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. डायनॅमिक मायक्रोफोन तितका संवेदनशील नसतो, त्यामुळे जवळून गायल्यास आजूबाजूचा गोंगाट तुलनेने कमी येतो. महामार्गालगतच्या घरात हाच पहिल्यांदा घ्यावा. दमट हवेत मायक्रोफोन घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

प्रणालीवर आरंभी खर्च करण्याची गरज नाही. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेली ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली विनामूल्य मिळते व शिकाऊ व्यक्तीस पुरेशी आहे.

३. आकड्यांचा अर्थ

संगणक आवाजाचे मोजमाप ठरावीक अंतराने घेतो. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकतो. ते नीट टिपण्यासाठी मोजमापे त्याच्या दुपटीहून अधिक हवीत. म्हणूनच १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० हा आकडा ठरला. आपण ४८,००० मोजमापे व २४ बिट ही जोडी निवडावी. एका मायक्रोफोनच्या एका मिनिटास सुमारे साडेआठ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे पन्नास भजनेही आजच्या संगणकास जड नाहीत.

आवाजाची पातळी ठरवताना घाई करू नये. गीतातील सर्वांत उंच स्वर गाऊन घ्यावा आणि त्या वेळी दर्शक उणे १२ ते उणे ६ डेसिबल यांच्या दरम्यान राहील असे करावे. शून्याच्या पुढचा आवाज कापला जातो. कमी पातळीवर आलेला स्वर पुढे वाढवता येतो, फाटलेला स्वर पूर्ववत करणे मात्र जवळजवळ अशक्य असते.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येत असेल तर गाणारा गोंधळतो. संगणक मोजमापांचे गठ्ठे करून काम करतो. गठ्ठा १,०२४ मोजमापांचा असल्यास केवळ तेवढ्यानेच २१ सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो, १२८ चा असल्यास तीनहूनही कमी. म्हणून मुद्रणाच्या वेळी गठ्ठा लहान ठेवावा.

४. गाणाऱ्यास यंत्राच्या अधीन करू नये

मुद्रणाच्या पुस्तकांत बहुधा सांगितलेले असते की प्रथम यांत्रिक ठोका लावा आणि त्यावर एकेक वाद्य निरनिराळे मुद्रित करा. चित्रपटगीतास ही रीत सोयीची असेल. आपले भजन मात्र संथ आरंभ करून हळूहळू चढत जाते. ही चढण चालीचाच भाग आहे. ठोक्यास बांधले की ती नाहीशी होते. म्हणून जुनी भजने मुद्रित करताना गाणारा व तबलजी यांनी एकत्रच गावे-वाजवावे. मूळ पट्टी काळी दोन की पांढरी चार हे गाणाऱ्याच्या सोयीने आधी ठरवावे, पेटीच्या सोयीने नव्हे.

मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवावा. म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ या वर्णांबरोबर येणारा वाऱ्याचा झोत त्यावर थेट आदळत नाही. खालची घरघर घालवणारी गाळणी ८० कंपनांच्या आसपास लावता येते. पण ती केवळ गायनावर लावावी. डग्ग्यावर लावल्यास त्याचा घुमारा निघून जातो.

आई मध्येच थांबली, खोकली, एखादी ओळ विसरून पुन्हा गायली, तरी यंत्र बंद करू नये. ‘आमच्या गावी ही ओळ अशी म्हणत’ असे ती सहज सांगून जाते, तेव्हा ते वाक्यही गीताइतकेच मोलाचे असते.

५. जतन व अधिकार

मूळ मुद्रण ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावे. नातेवाइकांना पाठवण्यासाठी त्यावरून लहान ‘एमपीथ्री’ प्रत काढावी. मूळ मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी असावी. प्रत्येक गीताबरोबर गाणाऱ्याचे नाव, गाव, चाल कोणाकडून शिकली, कवी व दिनांक यांची नोंद करावी. नोंद नसलेले मुद्रण वीस वर्षांनी घरातल्यांनाही ओळखू येत नाही.

भारतीय कायद्यानुसार कवीच्या हयातीत व निधनानंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर अधिकार राहतो. टिळकांची पदे आता सर्वांना मोकळी आहेत. अलीकडच्या रचना प्रसिद्ध करण्यापूर्वी मात्र परवानगी घ्यावी. आणि ज्यांचा आवाज आपण इतरांना ऐकवणार, त्यांची संमती आधी विचारावी.

या आठवड्याचा अभ्यास

१. आपल्या घरातील तीन खोल्यांत एकेक मिनिट केवळ शांतता मुद्रित करा. हेडफोन लावून ऐका व कोठे कोणता आवाज येतो ते लिहून काढा.

२. एकच उतारा मायक्रोफोनपासून चार बोटे, एक वीत व एक हात अशा तीन अंतरांवरून वाचा आणि फरक पाहा.

३. आपल्या घरातील किंवा मंडळीतील सर्वांत वृद्ध व्यक्तीस, पुस्तकात चालीची खूण नसलेले आणि इतरांना न येणारे एक गीत विचारा. साधने जमेपर्यंत थांबू नका. ते गीत आज भ्रमणध्वनीवर घेतले तरी चालेल. चांगले मुद्रण पुढच्या महिन्यात करता येईल.