घरगुती औषधे : नोंद, माप आणि मर्यादा

आपल्या वस्त्यांत दवाखाना पोचण्याच्या कितीतरी आधी सहाण पोचलेली होती. डॉक्टरची फी परवडत नव्हती, वैद्यबुवा कित्येक गावांत आपल्या वस्तीत पाऊल टाकीत नसत. अशा काळात घरातील वडीलधाऱ्या बायांनी मुळ्या, साली आणि पाला यांच्या बळावर लेकरे जगवली. हे ज्ञान त्यांनी कोठे लिहून ठेवले नाही, कारण लिहिणे त्यांना शिकूच दिले गेले नव्हते. ते आजीकडून आईकडे, सासूकडून सुनेकडे तोंडीच आले आणि आता आपल्या डोळ्यांदेखत संपत चालले आहे. म्हणून विद्यार्थी मित्रांपुढे हा विषय मांडीत आहोत.

विनयपिटकातील महावग्गात औषधांविषयी भेसज्जक्खन्धक नावाचा स्वतंत्र भाग आहे. आजारी भिक्खूंना ज्या मुळ्या वापरण्याची अनुज्ञा तेथे दिली आहे त्यांत हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा व नागरमोथा ही नावे येतात. यांतील बहुतेक जिन्नस आमच्या घरच्या बाळगुटीच्या डबीत होते.

पण गुटीचे खरे मर्म जिन्नसांत नसून वेढ्यांत आहे. सहाणेवर मुळी एकदा गोल उगाळली की एक वेढा. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. तरी कोणत्या महिन्याच्या बाळाला कशाचे किती वेढे, हा हिशेब तिला तोंडपाठ होता. वेखंडाचा वेढा ती मोजून एकच देई. वेखंड जास्त झाले तर उलटी होते, जायफळ जास्त झाले तर मूल गुंगून पडते. आज नावे पुष्कळांना सांगता येतात, वेढे मात्र कोणालाच आठवत नाहीत. अशा अर्धवट आठवणीवर बाळाला गुटी देणे आम्हाला धोक्याचे वाटते. शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, असे आजचे वैद्यक सांगते. आजीचा पूर्ण मान राखून हे मानलेच पाहिजे.

नोंदीचे मोल किती असते ते हळदीने दाखविले. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सी.एस.आय.आर.ने त्यास हरकत घेतली व १९९७ साली ते रद्द झाले. तेथील त्या वेळच्या कायद्यात परदेशातील नुसता वापर पुरावा ठरत नसे, तो छापलेला असावा लागे. घरोघरच्या आज्यांचा अनुभव बाजूला राहिला. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख कामी आला. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. वहीत नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही, असे मानण्याची आम्हाला सवय. ही सवय येथे उपयोगी आहे.

घरच्या सगळ्याच गोष्टी सारख्या मोलाच्या नाहीत, हेही नोंदवायला हवे. अडुळशातील द्रव्यावरून खोकल्याचे ब्रोमहेक्सिन तयार झाले. लवंगेच्या तेलातील युजेनॉल दंतवैद्य आजही वापरतात. ज्येष्ठमध घशाला चांगले, पण रक्तदाब असणाऱ्यांनी ते रोज चघळू नये, त्याने दाब वाढतो. याउलट पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला डाग देणे, मेळघाटात ज्याला डंबा म्हणतात, हा औषधोपचार नव्हेच. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. सापावर पाला बांधीत बसू नये, सरळ सरकारी दवाखाना गाठावा.

जुलाबाच्या बाबतीत तर एकाच घरात दोन्ही प्रकार सापडतात. भाताची मीठ घातलेली पेज पाजणारी आजी बरोबर होती. पाणी दिले तर जुलाब वाढतील म्हणून मुलाला तहानलेले ठेवणारी चुकत होती. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. ओ.आर.एस.चे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. येथेही माप महत्त्वाचे, कारण मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

विद्यार्थ्यांना आमची सूचना अशी, की या सुट्टीत घरातील म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसावे. वनस्पतीचे गावातील नाव, कोणता भाग, किती माप, कोणत्या वयाला आणि कोणाला देऊ नये, हे सारे लिहावे. वनस्पती ओळखणाऱ्या प्राध्यापकांकडून शास्त्रीय नावही घ्यावे, कारण गावठी नावे फसवतात. जखमेवर चोळतात तो दगडी पाला कोठे एकदांडी होतो, तर कोठे कंबरमोडी. त्याचे शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील आहे. म्हणजे ज्याला आपण पूर्वापार म्हणतो तो उपाय आपल्याच कोणा पणजीने, बांधावर नव्याने उगवलेले झुडूप पाहून, शोधून काढला असला पाहिजे.