सुगीच्या दिवसांतील सोपा आहार : माळेगाव बुद्रुक परिसरातील कुटुंबांसाठी आठवड्याची आखणी

आश्विन-कार्तिक हे दोन महिने माळेगाव बुद्रुकच्या शेतकरी कुटुंबास अतिशय धावपळीचे जातात. खरिपाची बाजरी खळ्यावर येते, भुईमूग काढणीस येतो, रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतीत उरकावी लागते, पूर्वहंगामी उसाची लागण सुरू होते आणि पाठोपाठ शिवनगर येथील माळेगाव सहकारी साखर कारखान्याच्या गाळपाची लगबग लागते. नवरात्र, दसरा, कोजागिरी व दिवाळी हे सणही याच काळात येतात. शेतातील कामे, दूधदुभते, मुलांची शाळा आणि घरातील कोणाची नोकरीची पाळी यांचा मेळ घालताना सर्वांत आधी आखडते ते स्वयंपाकघर. घरात धान्य असते, मळ्यास पाणी असते. तरीही ताटात भाकरी, आमटीचे पाणी व चटणी एवढेच पदार्थ उरतात. ही गोष्ट टाळता येण्याजोगी आहे. तीकरिता अधिक खर्च लागत नाही. लागते ती आठवड्याची आखणी.

प्रश्नाचे स्वरूप

बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतात. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि जिरायत बाजरी-ज्वारीच्या या मुलखाचा मोठा भाग पुढे उसाचा बागायती मुलूख झाला. या पाण्याने कुटुंबाच्या हाती पैसा आणला हे निर्विवाद आहे. परंतु जिरायत शेतात बाजरीच्या ओळींत मटकी, हुलगा, तूर, कारळे व अंबाडी सहज मिळत असे, तसे सलग उसाच्या फडात मिळत नाही. पूर्वी जे शेतातून ओट्यात येत असे, ते आता आठवडे बाजारातून पिशवीत आणावे लागते. बाजार चुकला की भाजीही चुकते.

याचा परिणाम प्रथम स्त्रिया व मुले यांच्यावर होतो. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. सहा महिने ते पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील प्रमुख कारण होय. खळ्यावर दिवसभर राबणारी स्त्री सर्वांच्या मागून जेवते व उरलेल्यावर भागविते. त्यामुळे आखणी करताना शेवटी जेवणाऱ्या बाईचे ताट प्रथम मोजावे, हा या विषयातील पहिला नियम समजावा.

ताटाचे मोजमाप

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, सुमारे २००० उष्मांकांची गरज असलेल्या व्यक्तीस दिवसास धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (अथवा त्यांऐवजी काही प्रमाणात अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम लागते.

हा हिशेब पाच माणसांच्या कुटुंबाकरिता मांडल्यास आठवड्यास धान्य सुमारे ९ किलो, डाळी-कडधान्ये ३ किलो, भाज्या १४ किलो, फळे साडेतीन किलो, तेलबिया सव्वा किलो व तेल सुमारे एक किलो इतके भरते. दूध रोज दीड लिटर लागते. लहान मुलांना हे प्रमाण कमी, तर अंगमेहनत करणारांना धान्य व डाळ दोन्ही अधिक लागतात. बहुतेक घरांत धान्याचा आकडा सहज गाठला जातो. तूट येते ती डाळींत व त्याहून अधिक भाज्यांत. रोजच्या दोन किलो भाजीपैकी निदान अर्धा किलो पालेभाजी असावी.

धान्य व डाळ यांचे परस्पर प्रमाण साधारण तिनास एक असे पडते. यामागे शास्त्रीय कारण आहे. बाजरी-ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. म्हणून भाकरीबरोबर उसळ ही जोडी केवळ चवीची नाही, एकमेकींची उणीव भरून काढणारी आहे.

हंगाम काय देतो

शरद ऋतूत या भागात पुढील पदार्थ ताजे व स्वस्त मिळतात.

धान्ये : नवी बाजरी, मागील हंगामाची ज्वारी. बाजरीत ज्वारी व गहू यांपेक्षा लोह अधिक असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून प्रसारित झालेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण लोहाच्या अधिक प्रमाणासाठी निवडलेला आहे. घरच्या खाण्यापुरती बाजरी पेरणाऱ्यांनी पुढील खरिपात त्याचा विचार करावा.

कडधान्ये : नवे मूग व उडीद, मटकी, हुलगा, चवळी.

भाज्या : मेथी, शेपू, तांदुळजा, पालक, अंबाडी, मुळा व त्याचा पाला, शेवग्याचा पाला, गवार, दोडका, वांगी, लाल भोपळा.

फळे : सीताफळ, डाळिंब, केळी, पुढे पेरू व आवळा.

तेलबिया : ओल्या व वाळल्या शेंगा, तीळ, कारळे, जवस.

आठवड्याची आखणी

कामाच्या दिवसांत दोन्ही वेळा चार-चार पदार्थ करणे शक्य नसते. म्हणून सकाळी भाकरी व एक भाजी अथवा उसळ, सायंकाळी एका पातेल्यात होणारा पदार्थ, असा साधा क्रम ठेवावा. नमुन्यादाखल एक आठवडा पुढे दिला आहे.

सोमवार — सकाळी बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, कांदा, लिंबू. सायंकाळी भात व मेथी घालून तुरीच्या डाळीची आमटी.

मंगळवार — सकाळी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचे कूट घालून लाल भोपळ्याची भाजी, ताक. सायंकाळी पालक घातलेली मुगाच्या डाळीची खिचडी व काकडीची कोशिंबीर.

बुधवार — सकाळी बाजरीची भाकरी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, कारळ्याची चटणी. सायंकाळी हुलग्याची शेंगोळी.

गुरुवार — सकाळी ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ घालून शेपू, दही. सायंकाळी भाकरी, पिठले व कच्चा मुळा.

शुक्रवार — सकाळी पोळी व चवळीची उसळ, दोडक्याची भाजी. सायंकाळी भात, कढी व तांदुळज्याची भाजी.

शनिवार — सकाळी बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, दही. सायंकाळी मेथी व मिश्र पिठांचे थालीपीठ, ताक.

रविवार — सकाळी भाकरी व शेवग्याच्या पाल्याची भाजी. सायंकाळी खाणाऱ्या घरांत अंडी, मासे अथवा मटण. न खाणाऱ्या घरांत हरभऱ्याची उसळ व भात.

प्रत्येक दिवशी एक पालेभाजी आणि निदान एका वेळेस डाळ अथवा कडधान्य आले आहे की नाही, एवढेच गृहिणीने ताडून पाहावे. पदार्थ बदलले तरी हरकत नाही. चौकट मोडू नये.

वेळ वाचविण्याच्या रीती

१. रविवारी तासभर काढून आठवड्याच्या डाळी निवडून डब्यांत भराव्यात. शेंगदाण्याचे कूट व एक सुकी चटणी करून ठेवावी. हे काम एकट्या गृहिणीचे समजू नये. पुरुष व मुले यांनीही निवडण्यास बसावे.

२. कडधान्य रात्री निजताना भिजत घालावे, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोड तयार असतात. या क्रियेत वेळ जातो, पण श्रम जात नाहीत. भिजविल्याने व मोड आणल्याने कडधान्यातील फायटिक आम्लाचे प्रमाण घटते, त्यामुळे त्यांतील लोह अंगी लागण्यास मदत होते.

३. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात. भाजी शिजविलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे.

४. लिंबू शिजवताना न पिळता ताटात पिळावे, कारण उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते. हेच जीवनसत्त्व धान्य व पाल्यातील लोह शोषले जाण्यास साहाय्य करते. याउलट जेवणालगत घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो. जेवण व चहा यांत निदान तासाचे अंतर असावे.

५. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, कारण तिच्यातील स्निग्धांश दळल्यानंतर झपाट्याने बिघडतो. म्हणून एका वेळी आठवड्यापुरतेच दळण आणावे.

घ्यावयाची खबरदारी

ऑक्टोबरात पाऊस झाल्यास शेंगा ओलसर राहून त्यांवर बुरशी धरते व अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. शेंगा काढल्याबरोबर उन्हात चांगल्या वाळवाव्यात. काळे, सुरकुतलेले व बुरशीचे दाणे खाण्यात अथवा जनावरांच्या आंबोणात घालू नयेत. बाजरीच्या कणसांवर अरगट पडला असल्यास काळपट लांबट बुरशीचे खडे वेचून काढल्याशिवाय ती दळू नये. त्यांमुळे ओकाऱ्या व चक्कर येते.

तांदुळजा, घोळ, चिवळ यांसारख्या रानभाज्या उत्तम असल्या तरी तणनाशक फवारलेल्या उसातून व त्या फडाच्या बांधावरून त्या कदापि खुडू नयेत. फवारणी कोठे व केव्हा केली हे घरातील भाजी खुडणाऱ्या माणसास सांगण्याची जबाबदारी फवारणाऱ्याची आहे.

नवरात्राच्या उपवासात केवळ साबुदाण्यावर भर देऊ नये. त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. राजगिरा, भगर, शेंगदाणे, रताळी, लाल भोपळा व दूध यांची सांगड घालावी. बुरशी धरलेल्या भगरीने विषबाधा होते. म्हणून भगर अखंड घ्यावी, निवडून स्वच्छ धुवावी आणि पीठ लागेल तेवढेच ताजे दळावे. साखरेच्या या मुलखात हेही सांगणे आवश्यक आहे की, दिवसाची साखर माणशी २५ ग्रॅमच्या आत राहिलेली बरी.

गुंठाभर भाजी

आखणी कागदावर राहू नये असे वाटत असेल तर घराजवळ भाजी हवी. एक गुंठा, तोही नसेल तर अर्धा गुंठा जागा पुरे. लहान वाफे पाडून मेथी, पालक, कोथिंबीर व मुळा एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरावेत. मेथी सुमारे एका महिन्यात काढणीस येते. पालकाची कापणी पुनःपुन्हा घेता येते. कडेने शेवगा, कढीलिंब, लिंबू व पपई लावावी. पूर्वहंगामी उसाच्या लागणीत सरीच्या बगलेस कांदा, लसूण, कोबी, मेथी, कोथिंबीर अशी आंतरपिके घेतल्यास ऊस लहान असेतो घरची भाजी निघते. अशा क्षेत्रात मात्र तणनाशकाऐवजी खुरपणी करावी.

ऊसतोडणी कुटुंबांविषयी

गाळप सुरू झाले की मराठवाडा व अहिल्यानगरकडील टोळ्या कोप्या घालून राहतात. तेथील स्त्री पहाटेच्या अंधारात चूल पेटविते, भाकरी बांधून नवऱ्याबरोबर फडात जाते, मोळ्या वाहते आणि रात्री परतल्यावर पुन्हा चूल पेटविते. तिला सात दिवसांचा तक्ता देऊन उपयोग नाही. तिच्याकरिता तीनच गोष्टी सांगाव्यात : रात्री मटकी भिजत घालणे, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी व लिंबू बांधणे आणि सायंकाळी डाळीतच पालेभाजी शिजविणे. ज्या शेतकऱ्याचा ऊस तुटत आहे, त्याने आपल्या वाफ्यातील दोन जुड्या भाजी कोपीवर पोहोचविली तर त्याच्या घरी काही उणे पडणार नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ भाषण न देता एका घरी, त्या घरच्याच सामानातून, एक दिवसाचा स्वयंपाक करून दाखवावा व पाच माणसांची दोन किलो भाजी प्रत्यक्ष तराजूत तोलून दाखवावी. आकडा ऐकून पटत नाही. ढीग पाहून पटतो. शारदानगर येथे १९९२ पासून कार्यरत असलेल्या बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे परसबागेविषयी चौकशी करावी. अंगणवाडी सेविका व बचतगटातील स्त्रिया यांना सोबत घ्यावे.

त्याचबरोबर एक मर्यादा स्पष्ट सांगावी. चांगला आहार रक्तक्षय होऊ नये म्हणून उपयोगी पडतो. पण धाप लागणे, थकवा, डोळ्यांच्या आतील पापणी फिकट दिसणे अशी लक्षणे असल्यास केवळ पालेभाजीवर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे व लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे पुऱ्या कराव्यात. गरोदर स्त्रीच्या बाबतीत यात दिरंगाई मुळीच होऊ देऊ नये.

उसाच्या लागणीस किती बेणे, किती खत व किती पाणी लागेल याचा हिशेब या भागातील शेतकरी तोंडपाठ सांगतो. तोच हिशेबीपणा घरच्या ताटास लावावा, इतकेच येथे सुचवावयाचे आहे. सुगीत कणग्या भराव्यात हे खरेच. पण त्या भरणाऱ्या हातांत रक्त कमी पडू नये, याची आखणीही त्याच सुगीत झाली पाहिजे.