मत कसे द्यावे?

मुलांनो, मित्राने घरी गिटार व कीबोर्ड वाजवून 'प्रोग्रेसिव्ह रॉक' प्रकारची, शब्दांवाचून चालणारी लांब धून टेप केली आणि मत विचारले, तर नुसते "छान" म्हणू नका. न्हावा शेवा बंदरात कंटेनर तपासणारा माणूस कोठे काय बिघडले ते लिहितो. तसेच सांगा : "सुरुवात गोड आहे, तिसऱ्या मिनिटाला मात्र ड्रमच्या आवाजात गिटार ऐकू येत नाही."

इंग्लंडच्या माइक ओल्डफिल्डने घरी टेप केलेली अशीच धून अनेक कंपन्यांनी नाकारली. स्टुडिओतील दोन तंत्रज्ञांनी ती लक्षपूर्वक ऐकली. १९७३ साली तिची 'ट्यूब्युलर बेल्स' ही तबकडी निघाली व जगभर गाजली.

म्हणून आधी नीट ऐका, मग बोला.

शब्दार्थ : धून – तर्ज, नाकारणे – इन्कार करणे.

प्रश्न : मित्राच्या धुनेबद्दल नुसते "छान" का म्हणू नये?