बाळंतपणात सोबत कुणाची?

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या की घरात धावपळ उडते. रिक्षा बोलावली जाते, पिशवी भरली जाते. पण प्रसूतिकक्षात तिच्याजवळ कोण थांबणार, हे मात्र क्वचितच आधी ठरलेले असते.

सोलापुरात मी बरीच वर्षे प्रसूतिविभागात परिचारिका होते. आपले गाव मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांचे. कळ असह्य झाली की बाई मायबोलीतच बोलते. विड्या वळणारी एखादी मुलगी तेलुगूत काही विचारी, ते मला उमगत नसे. उमगले असते ते तिच्या आईला. पण आई बाहेर बाकावर! त्या वेळी नातेवाइकांना आत प्रवेश नसे.

पूर्वी घरच्या बाळंतपणात सुईण, आई, शेजारीण जवळ असत. पण अतिरक्तस्राव झाल्यास त्यांच्या हाती उपाय नसे. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, यात शंका नाही. मात्र दवाखान्यात येताना ती सोबत सुटली. ही उणीव भरून काढणाऱ्या प्रशिक्षित स्त्रीला ‘डूला’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेवा करणारी स्त्री. तपासणी करणे, औषध देणे हे तिचे काम नव्हे. धीर देणे हे तिचे काम.

नुसत्या धीराने काय होते? भीतीने शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येतो. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी व कळांचा काळ थोडा आखूड आढळला.

मोठ्या शहरांत पैसे देऊन डूला मिळते. पण हे काम आई, सासू, बहीण, जाऊही करू शकते. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत अशा सोबतिणीस मान्यता दिली. ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत. आडोशाची सोय असेल तेथे पतीलाही थांबता येते. आपल्या दवाखान्यात काय पद्धत आहे, ते आधीच विचारून ठेवा.

सोबतिणीने लक्षात ठेवावे :

१) कळ आली की कंबर चोळावी, सावकाश श्वास घ्यायला सांगावे.

२) डॉक्टरांची हरकत नसेल तर घोट घोट पाणी द्यावे, थोडे चालवावे, झोपल्यास डाव्या कुशीवर झोपवावे.

३) पोट दाबू नये. सिस्टर सांगेपर्यंत ‘जोर कर’ म्हणू नये.

४) अंगावरून जास्त रक्त, हिरवट पाणी, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके दिसताच सिस्टरला हाक मारावी.

५) ‘आम्ही नाही का सोसले?’ असे चुकूनही बोलू नये.

६) बाळाला मध, घुटी देऊ नये, पहिल्या तासातच अंगावर पाजण्यास मदत करावी.

डोहाळजेवणाला आपण हिरवी साडी, फुलांची वाडी सारे हौसेने ठरवतो. त्याच दिवशी मुलीला जवळ बसवून एवढेच विचारा, “तुझ्यापाशी कोण हवे?” ती जिचे नाव घेईल, तिलाच आत पाठवा.